नाक धुण्याची बाटली: नागपूरच्या धुळीत आणि कूलरच्या हवेत किती कामाची?

नाक सतत चोंदलेलं, घशात कफ उतरत राहणं, गाल आणि कपाळ जड, सकाळी उठल्याबरोबर शिंकांचा सपाटा. या त्रासावर आता औषधांच्या दुकानात नाक धुण्याचा संच सहज मिळतो. त्यात २४० मिलीची पिळता येणारी प्लास्टिकची बाटली असते, झाकणातून तळापर्यंत जाणारी नळी असते आणि मीठ-सोड्याच्या पुड्या असतात. आमचं मत आधीच सांगतो: वस्तू चांगली आहे, घ्यावी. ॲलर्जीच्या सर्दीत आणि जुनाट सायनसच्या दुखण्यात ती वाफेच्या यंत्रापेक्षा आणि नाक मोकळं करणाऱ्या थेंबांपेक्षा जास्त उपयोगी पडते. मात्र बाटलीत कोणतं पाणी भरलं जातं, यावर तिचं सगळं भलंबुरं अवलंबून आहे, आणि खोक्यावर हीच गोष्ट सगळ्यात बारीक अक्षरांत छापलेली असते.

नाकाच्या आतल्या अस्तरावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. धूळ, परागकण, जंतू त्यात अडकतात आणि अस्तरावरचे सूक्ष्म केस हा थर हळूहळू घशाकडे ढकलत राहतात. गालाच्या हाडातल्या सायनसचं, म्हणजे हवेच्या पोकळीचं, तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला असतं. म्हणजे तिथला कफ वजनाने आपोआप खाली ओघळून जात नाही, या केसांनीच तो वर चढवून बाहेर काढावा लागतो. ॲलर्जीने किंवा सर्दीने अस्तर सुजलं की ते अरुंद तोंड बंद होतं, कफ आत साठतो आणि दुखणं सुरू होतं. मिठाचं पाणी नाकाच्या पोकळीतला घट्ट कफ, खपल्या आणि चिकटलेली धूळ काढून टाकतं, त्यामुळे केसांचं काम पुन्हा सुरळीत होतं. शस्त्रक्रिया न झालेल्या माणसाच्या सायनसच्या आत हे पाणी फारसं जात नाही. 'सायनस धुऊन काढतो' असं वेष्टणावर लिहिलेलं असलं तरी धुतली जाते ती नाकाची पोकळी आणि सायनसच्या तोंडाभोवतीची जागा. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून ही तोंडं मोठी केलेली असतील तर मात्र पाणी आतपर्यंत पोहोचतं, म्हणून त्या रुग्णांना नाक धुणं हा उपचाराचाच भाग म्हणून सांगितलं जातं.

त्याच कारणाने नाकात मिठाच्या पाण्याचे दोन फवारे मारणारी छोटी कुपी आणि ही बाटली एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. फवारा कोरडं नाक ओलं करतो, प्रवासात किंवा लहान बाळासाठी ठीक आहे. कफ वाहून न्यायला एका वेळी शंभर-सव्वाशे मिली पाणी आणि हलका दाब लागतो. जुनाट सायनसमध्ये कुपीवर पैसे घालवू नयेत.

आता पाण्याविषयी, सविस्तर.

नळाचं पाणी थेट नाकात घालायचं नाही. नागपूरला पेंच आणि कन्हानचं शुद्ध केलेलं, क्लोरिन घातलेलं पाणी मिळतं, ते पिण्याला योग्य असतं. पण पोटात गेलेले सूक्ष्मजीव तिथल्या आम्लात मरतात, नाकात तसा बंदोबस्त नाही. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि ४६ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यातही टिकतो. तो गंधाच्या मज्जातंतूवाटे नाकातून मेंदूत जातो, आणि तसं झालं तर माणूस वाचणं फार कठीण असतं. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा असा मृत्यू झाला. केरळातही गेल्या काही वर्षांत अमिबाच्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आहेत. आजार अतिशय दुर्मीळ आहे, हे खरंच. पण नागपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगाला चटका बसेल इतकं तापतं, त्यातला क्लोरिन उडून जातो, आणि संध्याकाळी तेच पाणी नळाला छान कोमट येतं. नाक धुवायला 'आयतंच कोमट मिळालं' असं वाटण्याचे हेच दिवस, आणि नेमके याच दिवसांत ते पाणी नाकात घालू नये. बोअरवेलचं पाणी तर कधीच नको.

आरओचं पाणीही तसंच वापरू नये. पडद्यातून गाळलेलं पाणी यंत्राच्या टाकीत साठतं, आणि ती टाकी व तोटी निर्जंतुक नसते. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी शरीरासाठी तयार केलेलं नसतं. सोपा मार्ग एकच: पाणी खळखळ उकळू द्यायचं, उकळी आल्यानंतर किमान १ मिनिट तसंच ठेवायचं, झाकण ठेवून निववायचं. सकाळी उकळलेलं झाकलेलं पाणी त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी नवं. वापरताना ते अंगाच्या तापमानाइतकं असावं. मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन थेंब टाकून ना गरम ना गार लागलं की झालं.

आणखी एक पर्याय आहे आणि तो आम्हाला आवडतो: ०.९ टक्के सोडियम क्लोराइडची सलाइनची बाटली. ती निर्जंतुक असते, मिठाचं प्रमाण अचूक असतं. घेताना लेबल वाचावं. साखर असलेली डीएनएस किंवा इतर क्षार असलेली आरएल चालणार नाही. उघडल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवावी आणि २४ तासांत संपवावी. वापराआधी लागेल तेवढं सलाइन स्वच्छ वाटीत काढून ती वाटी गरम पाण्यात धरून कोमट करावी. इथे एक चूक वारंवार होते: सलाइनमध्ये पुन्हा संचातली पुडी टाकली जाते. मिठाचं प्रमाण दुपटीवर जातं आणि नाकाची आग होते. सलाइन असेल तर पुडी नको.

पुड्यांबद्दल. प्रचलित पुडीत साधारण २.३ ग्रॅम मीठ आणि ०.७ ग्रॅम खाण्याचा सोडा असतो, आणि ती २४० मिली पाण्यासाठी असते. मिठामुळे पाणी रक्ताच्या खारटपणाच्या जवळ येतं म्हणून झोंबत नाही, सोड्यामुळे कफ सैल होतो. अर्धी पुडी टाकून वाचवायचा प्रयत्न केला तर पाणी अळणी होतं आणि अळणी पाणी नाकाला जास्त खाऱ्या पाण्याइतकंच झोंबतं. 'हायपरटॉनिक' लिहिलेल्या पुड्या जास्त खारट असतात. खूप घट्ट कफ, खपल्या असतील तर थोडे दिवस त्यांचा उपयोग होतो, पण रोजच्यासाठी साध्याच घ्याव्यात. दुकानात बाटलीच्या किमतीकडे पाहू नये, ती एकदाच घ्यायची असते. पाकिटाची किंमत भागिले पुड्यांची संख्या असा हिशोब करावा, कारण खर्च तिथे होतो.

घरी मिश्रण करायचं असेल तर ७५ ग्रॅम बारीक मीठ आणि २५ ग्रॅम खाण्याचा सोडा काट्यावर मोजून कोरड्या बरणीत नीट कालवावं. २४० मिली उकळून निवलेल्या पाण्याला या मिश्रणाचा अर्धा सपाट छोटा चमचा पुरतो, म्हणजे साधारण ३ ग्रॅम. चमचा ५ मिलीचा मापाचाच हवा. चहाचे चमचे घरोघर वेगळे असतात. आयोडिन नसलेलं मीठ मिळालं तर उत्तम. उपासाच्या सैंधवात न विरघळणारे कण राहतात, काळं मीठ तर अजिबात नको. सोडा म्हणजे भज्यात घालतात तो. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि स्टार्च असतं, आणि धुण्याचा सोडा नाकाचं अस्तर जाळतो. हे डबे स्वयंपाकघरात शेजारी-शेजारी असतात, म्हणून बरणीवर नाव लिहून ठेवावं.

वापरण्याची पद्धत. आधी हात साबणाने धुवावेत. बेसिनवर कमरेतून पुढे वाकावं, हनुवटी किंचित आत, डोकं मागे नको. तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्यावा. 'आ' असा आवाज काढत राहिलं तर टाळू वर उचललेला राहतो आणि पाणी घशात उतरत नाही. बाटलीचं टोक नाकपुडीला घट्ट बसेल इतकंच लावावं, आत खुपसू नये. टोकाचा रोख सरळ मागे, थोडा बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्याकडे नको. मग हलक्या हाताने सावकाश पिळावं. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येतं, थोडं तोंडातून आलं तरी हरकत नाही. निम्मं, म्हणजे साधारण १२० मिली झालं की थांबावं. बाटलीवरची पकड सैल करण्याआधी टोक नाकातून बाहेर काढावं, हे कटाक्षाने. नाहीतर बाटली फुगताना नाकातलं घाण पाणी आत ओढून घेते आणि दुसऱ्या बाजूला तेच जातं. मग दुसरी नाकपुडी.

झाल्यावर नाक शिंकरताना दोन्ही नाकपुड्या दाबून जोर लावायचा नाही. त्याने पाणी आणि जंतू कानाच्या नळीत जातात आणि कान गच्च होतात. एकेक बाजू, तोंड उघडं, हळूच. थोडं वाकून डोकं डावीकडे-उजवीकडे वळवलं की उरलेलं पाणी गळून जातं. झोपायच्या तासभर आधी धुवावं, लगेच आडवं पडलं तर रात्री पाणी घशात उतरून खोकला येतो. आग होत असेल तर मीठ कमी-जास्त आहे किंवा पाणी गार आहे. कान दुखत असेल तर जोरात पिळलं गेलंय किंवा नाक पूर्ण बंद असताना धुतलंय. नाकातून हवाच जात नसेल तर त्या दिवशी बाटली वापरायची नाही, कारण पाण्याला बाहेर यायला वाट नसते.

बाटलीची निगा हा या वस्तूचा सगळ्यात कच्चा दुवा. पाणी नळीत आणि झाकणाच्या आतल्या खाचेत अडकून राहतं आणि तिथे बुळबुळीत थर जमतो. दर वापरानंतर झाकण, नळी, बाटली तिन्ही सुटी करून साबणाने धुवावी, शेवटी उकळून निवलेल्या पाण्याने विसळावी, झटकून उलटी वाळत ठेवावी. ओली बाटली झाकण लावून ठेवायची नाही. दर तीन महिन्यांनी नवी घ्यावी. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, तेव्हा दोन बाटल्या आलटून-पालटून वापरलेल्या बऱ्या. एक बाटली एकाच माणसाची. नवरा-बायकोतही वाटून घेऊ नये.

जलनेतीच्या, म्हणजे योगातल्या नाक धुण्याच्या पद्धतीच्या, तांब्याबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाच्या या शहरात जलनेती काही नवी नाही, आणि पद्धत मुळात योग्यच आहे. इतवारीत भांड्यांच्या दुकानांत तांब्याची, पितळेची आणि स्टीलची अशी तिन्ही नेतीपात्रं मिळतात. त्यातलं स्टीलचं घ्यावं. खाऱ्या पाण्याने तांब्या-पितळेवर हिरवट थर धरतो, आणि चोचीच्या आतून तो घासून काढता येत नाही. विकत घेताना चोचीत बारीक ब्रश पूर्ण जातो का ते पाहावं. पात्रं २०० मिलीपासून ५०० मिलीपर्यंत असतात, तेव्हा आधी मापाच्या भांड्याने त्यात किती पाणी मावतं ते मोजावं, नाहीतर पुडीचं गणित चुकतं. नेतीपात्रात दाब नसतो, पाणी नुसतं वाहतं. ज्यांचे कान लवकर दुखतात त्यांना ते बाटलीपेक्षा सोसतं. घट्ट कफाला मात्र बाटलीचा दाबच लागतो. नेतीनंतर जोरजोरात कपालभाती करायची सवय असेल तर ती सोडावी, त्याने पाणी कानाकडे ढकललं जातं.

बाटलीच्या शेजारी काउंटरवर नाक मोकळं करणारे थेंब असतात, ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे. दोन मिनिटांत नाक उघडतं म्हणून ते हातोहात खपतात. त्यांनी अस्तरातल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, असर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात. पाच दिवसांहून जास्त वापरले तर थेंब टाकल्याशिवाय नाक उघडतच नाही, आणि माणूस महिनोन् महिने त्यात अडकतो. तीव्र सर्दीत तीन दिवस, फार तर पाच, एवढीच त्यांची जागा.

स्टिरॉइडचा नाकातला फवारा वेगळी गोष्ट आहे. फ्लुटिकासोन, मोमेटासोन ही त्यातली नेहमीची औषधं. 'स्टिरॉइड' ऐकून लोक बिचकतात, पण नाकात दिलेल्या मात्रेतून रक्तात फारच थोडं जातं, आणि ॲलर्जीच्या सर्दीवर व जुनाट सायनसवर हाच मुख्य उपचार आहे. त्याचा परिणाम दिसायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून बंद केलेल्या अर्धवट बाटल्या घराघरांत पडलेल्या असतात, याचं वाईट वाटतं. डॉक्टरांनी असा फवारा दिला असेल तर क्रम पाळावा: आधी नाक धुणं, दहा-पंधरा मिनिटं थांबणं, मग फवारा. उलट केलं तर औषध पाण्याबरोबर बेसिनमध्ये जातं. फवारा मारताना बाटली हलवावी, मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, रोख त्याच बाजूच्या कानाकडे. मधल्या पडद्यावर रोज फवारा बसला की तिथून रक्त येऊ लागतं. जोरात हुंगायचं नाही, औषध घशात जातं.

वाफेच्या यंत्राने थोडा वेळ बरं वाटतं, पुढे फारसं काही होत नाही. पातेल्यातल्या उकळत्या पाण्याची वाफ लहान मुलांना देऊ नये, भाजण्याचा धोका खरा आहे. आणि हिरवा-पिवळा शेंबूड दिसला म्हणून मेडिकलमधून तीन दिवसांची ॲझिथ्रोमायसिन मागून घेणं थांबायला हवं. साध्या विषाणूच्या सर्दीतही रंग बदलतो. दहा दिवसांनंतरही उतार नाही, किंवा बरं वाटू लागून पुन्हा बिघडलं, किंवा सुरुवातीपासूनच ३९ अंश सेल्सिअसच्या वर ताप, पुवासारखा स्राव आणि चेहरा दुखणं तीन-चार दिवस टिकलं, तेव्हा जिवाणूंचा विचार करायचा, तोही डॉक्टरांनी.

नागपुरात बाटलीला साथ लागते ती घरच्या बंदोबस्ताची. मार्चअखेर कूलर बाहेर काढतो तेव्हा गेल्या वर्षीच्या खशीच्या किंवा लाकडी तंतूंच्या जाळ्यांत धूळ आणि बुरशी दोन्ही असतात. जुन्या जाळ्या तशाच भिजवून कूलर लावला की पहिल्या आठवड्यातच शिंका सुरू होतात. जाळ्या दरवर्षी बदलाव्यात, टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी, हवेचा झोत थेट तोंडावर घेऊन झोपू नये. पावसाळ्यात आणि त्यानंतर रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत फुलतं, तेव्हा बाहेरून आल्यावर नाक धुतल्याचा फायदा सगळ्यात स्पष्ट कळतो. रस्त्यांच्या कामाच्या धुळीतून रोज दुचाकीने जाणाऱ्यांनीही संध्याकाळी एकदा धुवावं. त्रास जास्त असताना दिवसातून दोनदा, कमी झाला की एकदा, पुढे गरजेपुरतं.

कोणी ही बाटली वापरू नये? कानाच्या पडद्याला छिद्र असलेल्यांनी, डोक्याला नुकतीच इजा झालेल्यांनी, गिळायला त्रास असलेल्यांनी, नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास सर्जनने सांगेपर्यंत. मुलांसाठी १२० मिलीची छोटी बाटली मिळते, पण मूल सूचना ऐकून वाकू शकत असेल तरच. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर नाक धुऊ नये आणि थेंबही टाकू नयेत. आत काहीतरी घातलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि ती गोल चपटी बॅटरी असेल तर मिठाच्या पाण्याने इजा वाढते. लगेच रुग्णालय गाठावं. नाकात मोठ्या खपल्या, घाण वास आणि तो वास रुग्णाला स्वतःला येत नाही, अशा आजारात डॉक्टर मीठ, खाण्याचा सोडा आणि टाकणखार यांची वेगळी पूड लिहून देतात. ती पूड बाटलीच्या संचातल्या पुडीने बदलू नये.

मोठ्यांमध्ये फक्त एका बाजूने रक्ताळलेला स्राव, वाकल्यावर एकाच नाकपुडीतून टपटप स्वच्छ पाणी, वरच्या दाढेच्या दुखण्याबरोबर एका बाजूने दुर्गंधी, किंवा तळ्यात आंघोळीची सवय असलेल्याच्या नाकात सहज रक्त येणारी लालसर गाठ, यांतलं काहीही बाटलीने बरं होणारं नाही. दुर्बिणीने नाक तपासून घ्यावं. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नागपुराने म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, जवळून पाहिला आहे. मधुमेह असलेल्या माणसाच्या गालाला बधिरपणा, डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, दात अचानक हलणं, नाकात काळ्या खपल्या यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मेयो रुग्णालय किंवा मिहानमधलं एम्स गाठावं.

एरवी बाटली आणि फवारा नियमाने सहा ते आठ आठवडे वापरूनही उतार नसेल तर कान-नाक-घसा विभागात जावं. धंतोली-रामदासपेठेत खासगी तज्ज्ञही पुष्कळ आहेत. जाताना चालू असलेल्या फवाऱ्याची बाटली, थेंब, पुडीचं पाकीट सोबत न्यावं आणि थेंब किती दिवस चालू आहेत ते खरं सांगावं. साध्या एक्स-रेने जुनाट सायनसबद्दल फारसं कळत नाही. उपचार पूर्ण करून मग काढलेला सीटी स्कॅनच शस्त्रक्रिया हवी की नको हे ठरवायला उपयोगी पडतो, म्हणून सर्दी ऐन भरात असताना स्वतःहून तो काढून घेऊ नये.